राजाची सही कुठे असते?

मागच्या दोन व्याख्यानांत आपण बखरी आणि शकावल्या पाहिल्या. आजचा विषय पत्रांचा आहे, आणि तोही राजेरजवाड्यांच्या पत्रांचा. सुरुवात एका प्रसंगाने करतो.

काही वर्षांपूर्वी अशाच एका व्याख्यानानंतर एक गृहस्थ थांबले. हातात पिशवी, पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेली एक काचेची चौकट. वडिलांच्या पंचाहत्तरीला भेट म्हणून त्यांनी ती विकत घेतली होती. "सर, छत्रपतींचं पत्र आहे. फक्त एवढं सांगा, यात महाराजांची सही कुठली?" मी चौकट हातात घेतली. तळहाताएवढा कागदाचा तुकडा, त्यावर शिक्क्याचा ठसा, आणि ठशाखाली मोडीतल्या साडेतीन ओळी. साडेतीन म्हणजे अक्षरशः साडेतीन. चौथी ओळ मधोमध कापलेली होती. तिसऱ्या ओळीत शेवटी "मौजे" हा शब्द वाचता आला, त्यापुढे गावाचं नाव असणार, आणि तिथेच कात्री चालली होती. मागची बाजू पुठ्ठ्याला डिंकाने चिकटवलेली, त्यामुळे पाठीवर काय होतं ते कायमचं बंद.

ठसा मला खरा वाटला. कागदही जुना होता. म्हणजे फसवणूक झाली असं म्हणता येईना. पण पत्र म्हणावं तर पत्र उरलं नव्हतं. कुठलं तरी गाव, कुणाला तरी दिलेली जमीन किंवा हक्क, कुठलं तरी साल, हे सगळं कुणीतरी कापून टाकलं होतं आणि शिक्का तेवढा विकला होता. त्या गृहस्थांना काय सांगावं, हे मला त्या दिवशी नीट सुचलं नाही. आजचं व्याख्यान म्हणजे त्यांना द्यायला हवं होतं ते उत्तर आहे, असं समजा.

त्यांचा प्रश्न आपल्या सगळ्यांच्याच मनात असतो, कारण आपण बँकेच्या चेकवर सही करणारी माणसं. आपल्या डोक्यात पक्कं बसलंय की कागद खरा तेव्हा, जेव्हा खाली सही असते. राजाचं पत्र म्हणजे राजाने लिहिलेलं, निदान राजाने सही केलेलं. राजांच्या सह्या गोळा करण्याचा छंद मूळचा युरोपातला. तिथल्या राजांची रीतच तशी, कागदावर स्वतःचं नाव लिहायची. म्हणून आधी तिकडे जाऊ, आणि तिकडे तरी सही म्हणजे राजाचा हात असतो का, ते बघू.

इंग्लंडचा आठवा हेन्री. शेवटच्या वर्षांत तो आजारी होता आणि कागदांवर सह्या करायचा त्याला भयंकर कंटाळा. मग १५४५ पासून एक युक्ती निघाली. राजाच्या सहीचा एक कोरडा छाप तयार केला. तो कागदावर दाबला की सहीचा आकार खोलगट उमटायचा, आणि मग विश्वासातला एक कारकून त्या खोलगट रेषांतून शाई भरायचा. बघणाऱ्याला वाटावं राजानेच सही केली. कुठल्या कुठल्या कागदांवर छाप मारला याची यादी दरमहा राजापुढे ठेवली जाई. हेन्रीच्या मृत्युपत्रावरची सहीसुद्धा याच छापाची, आणि त्यावरून पुढे वारसाहक्काच्या वादात खूप खल झाला. म्हणजे सही राजाची, शाई कारकुनाची.

फ्रान्सचा चौदावा लुई. त्याच्या पदरी तुसँ रोज नावाचा सचिव होता. त्याचं कामच हे, की राजाच्या अक्षरात पत्रं लिहायची. त्याने राजाचं वळण इतकं हुबेहूब उचललं होतं की दोघांचं अक्षर वेगळं काढणं कठीण. कुणाला मान द्यायचा असला की 'राजाच्या हातचं' पत्र जायचं, आणि ते रोजच्या हातचं असायचं. यात खोटेपणा आहे असं दरबारात कुणालाही वाटत नव्हतं. तो एक रीतसर हुद्दा होता.

तिसरं उदाहरण १८३० सालचं. इंग्लंडचा चौथा जॉर्ज मरणाच्या दारात होता, हातात लेखणी धरवत नव्हती. तर पार्लमेंटने खास कायदा केला, की राजाच्या समक्ष, साक्षीदारांपुढे, सहीचा शिक्का उमटवला तर ती सही मानावी. एका सहीसाठी कायदा करावा लागला!

हे सांगण्याचं कारण असं, की सही हीसुद्धा एक दरबारी व्यवस्था होती. राजाने खरोखर स्वतः लिहिलेली पत्रं नाहीत असं नाही. स्कॉटलंडची राणी मेरी हिचं शेवटचं पत्र एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. ८ फेब्रुवारी १५८७ ला सकाळी तिचा शिरच्छेद झाला, आणि त्याच रात्री दोनच्या सुमाराला तिने फ्रान्सच्या राजाला, म्हणजे आपल्या दिराला, स्वतःच्या हाताने ते लिहिलं. नोकरांचे पगार द्या, एवढी साधी विनंती त्यात आहे. असं पत्र वाचताना अंगावर काटा येतो, आणि सही गोळा करणाऱ्या माणसाला नेमकं काय हवं असतं ते कळतं. त्याला त्या हाताचा स्पर्श हवा असतो.

पण याच मेरीची दुसरी गोष्ट ऐका. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सांकेतिक लिपीतल्या कागदांचा एक गठ्ठा होता. त्यावर ना नाव, ना सही. यादीत तो इटलीसंबंधीचा आणि सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातला म्हणून नोंदला होता. तीन अभ्यासकांनी तो उलगडला आणि २०२३ मध्ये जाहीर केलं, की ही मेरीची पत्रं आहेत. एकूण ५७. इंग्लंडमध्ये कैदेत असताना, १५७८ ते १५८४ या काळात तिने मुख्यतः फ्रेंच वकिलाला पाठवलेली. बहुतेक पत्रं इतिहासाला ठाऊकच नव्हती. आता विचार करा, हा गठ्ठा सह्यांच्या व्यापाऱ्याच्या हाती लागला असता तर? सही नाही म्हणजे किंमत नाही. पानं सुटी झाली असती, फेकली गेली असती. पण तो सव्वाचारशे-साडेचारशे वर्षं एका जागी राहिला, म्हणून बोलला.

सहीच्या हव्यासाने माणूस किती आंधळा होतो, याचंही एक उदाहरण फ्रान्सचंच देतो. मिशेल शाल हा एकोणिसाव्या शतकातला मोठा गणिती. भूमितीत त्याचं नाव आजही घेतात. त्याला जुन्या सह्यांचा छंद. व्रँ-ल्यूका नावाच्या माणसाने त्याला काही वर्षांत सत्तावीस हजारांहून जास्त पत्रं विकली. त्यात अलेक्झांडरने अ‍ॅरिस्टॉटलला लिहिलेलं पत्र होतं, शार्लमेनची होती, आणि क्लिओपात्राने ज्यूलियस सीझरला लिहिलेलंही होतं. आणि ही सगळी पत्रं कुठल्या भाषेत? फ्रेंच भाषेत! तीही कागदावर! (श्रोत्यांत हशा.) हसू येतं ना? पण शाल बुद्धीने आपल्यापेक्षा कितीतरी मोठा माणूस. व्रँ-ल्यूका जुन्या पुस्तकांची कोरी पानं कापून आणायचा, त्यावर घरी केलेल्या शाईने लिहायचा, म्हणून कागद जुनाच दिसायचा. पास्कालच्या नावाची पत्रं शालने थेट विज्ञान अकादमीपुढे मांडली, गुरुत्वाकर्षणाचा शोध न्यूटनच्या आधी पास्कालने लावला हे सिद्ध करायला. तिथे तपासणी सुरू झाली आणि बिंग फुटलं. १८७० मध्ये खटला होऊन व्रँ-ल्यूकाला दोन वर्षांची कैद झाली. शालने एकच प्रश्न विचारला असता तर तो वाचला असता: ही पत्रं इतकी वर्षं कुणाच्या घरी होती, आणि का होती?

हा प्रश्न लक्षात ठेवा. आता आपल्याकडे येऊ.

मराठी राजपत्रात राजाची सही नसते. पुन्हा सांगतो, नसते. शिवाजी महाराजांचं पत्र घ्या. वर शिक्का. तो संस्कृत, अष्टकोनी, आपल्या सगळ्यांना पाठ असलेला. मग मजकूर. आणि मजकूर संपला की दुसरी छोटी मुद्रा, 'मर्यादेयं विराजते'. म्हणजे इथे पत्राची मर्यादा झाली, यापुढे कुणी एक अक्षर वाढवलं तर ते आमचं नव्हे. या शेवटच्या मुद्रेला मोर्तब म्हणतात. वर शिक्का, खाली मोर्तब. आपण रोज बोलतो ना, 'निर्णयावर शिक्कामोर्तब झालं', तो शब्द इथून आला. कागद लांबला तर पट्ट्या एकमेकांना चिकटवत, आणि त्या जोडावर मागच्या बाजूला शिक्का मारत, म्हणजे मधली पट्टी बदलता येऊ नये. त्या गृहस्थांच्या चौकटीत मागची बाजू चिकटवलेली पाहून मला वाईट का वाटलं, ते आता कळेल.

मधला मजकूर चिटणिसाच्या किंवा त्याच्या कारकुनाच्या हातचा. महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी, आणि फारसी पत्रांसाठी वेगळे मुनशी. महाराजांचं म्हणून सर्व अभ्यासकांना मान्य झालेलं हस्ताक्षर आज आपल्यापुढे नाही. यावरून जदुनाथ सरकारांनी महाराज निरक्षर असावेत असं मत मांडलं आणि आपल्याकडे त्यावर मोठा वाद झाला. मला एवढंच म्हणायचंय, की राजाचं अक्षर न सापडणं हा निरक्षरतेचा पुरावा होत नाही. कारण राजाने स्वतः लिहावं अशी अपेक्षाच त्या व्यवस्थेत नव्हती. हुकूम राजाचा, अक्षर दफ्तराचं आणि खातरी शिक्क्याची.

मग राजा स्वतः कधीच लिहीत नसे का? लिहीत असे, आणि तेव्हा त्याला फार वजन असे. १६८० साली संभाजी महाराजांनी कुडाळच्या बाकरे शास्त्र्यांना संस्कृत दानपत्र दिलं. त्यात स्वतः महाराजांच्या हातचा मजकूर आहे, वर लिहिलेलं मला मान्य आहे अशा अर्थाचा. पेशव्यांच्या आणि सरदारांच्या पत्रांतही पुष्कळदा मुख्य मजकूर कारकुनाचा असतो आणि शेवटची एखाददुसरी ओळ वेगळ्या वळणाची, धन्याच्या हातची असते. यासाठी शब्द होता 'दस्तुरखुद्द'. दस्तुर म्हणजे हस्ताक्षर, खुद्द म्हणजे स्वतःचं. आज आपण म्हणतो 'दस्तुरखुद्द मंत्री आले'. हाताचा शब्द होता, तो अख्ख्या माणसाला लागला.

गंमत म्हणजे सह्या हव्याच असतील तर त्या राजापेक्षा रयतेच्या सापडतात. महजर पाहा. महजर म्हणजे गोतसभेने दिलेला निवाडा. त्याखाली गावातल्या माणसांच्या खुणा असतात. पाटलाचा नांगर, आणि इतरांची आपापल्या कामाची हत्यारं. लिहिता येत नव्हतं, पण ज्याची त्याची निशाणी ठरलेली. म्हणजे एकाच काळात राजाच्या पत्रावर त्याच्या हातची खूण नाही आणि गावच्या कागदावर सुताराच्या हातची आहे!

राजाची आजच्यासारखी सही आपल्याकडे रुळली ती इंग्रजी पत्रव्यवहाराबरोबर. बडोद्याचे सयाजीराव, कोल्हापूरचे शाहू महाराज यांच्या पत्रांखाली सही मिळते, कारण ती पत्रं त्या रीतीने लिहिलेली आहेत. तेव्हा कुणी सतराव्या शतकातलं पत्र दाखवून "ही बघा महाराजांची सही" म्हणाला, तर खिशाला हात लावू नका.

आता तो शालने न विचारलेला प्रश्न. ही पत्रं कुणाच्या घरी होती, आणि का?

१६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती पडला. शिवकालीन राजदफ्तर असं अखंड आपल्यापर्यंत पोचलं नाही. मग महाराजांची पत्रं आली कुठून? ज्यांना ती पाठवली, त्यांच्या घरून. मावळातले देशमुख, देशपांडे, गावोगावचे कुलकर्णी, देवस्थानं, मठ. कारीचे जेधे असोत की चिंचवडचे देव असोत. त्यांनी ती जपली याचं कारण भक्ती हे एकच नव्हतं. त्या कागदावर वतन अवलंबून होतं. इनाम जमीन अवलंबून होती. उद्या भाऊबंदांनी दावा लावला तर कागद काढून दाखवायचा. पत्र म्हणजे घराचा सात-बारा होता म्हणा ना.

याचा एक परिणाम फार लोकांच्या ध्यानात येत नाही. जे उरलं, ते बहुतेक जमिनीचं, हक्काचं, निवाड्याचं उरलं. कारण ते जपण्यात कुणाचा तरी स्वार्थ होता. आईला लिहिलेलं, मुलाला लिहिलेलं, मित्राला लिहिलेलं कशाला कोण जपेल? म्हणून चिपळूणच्या छावणीला पाठवलेलं ते प्रसिद्ध पत्र इतकं मोलाचं. पावसाळ्याआधी दाणागवत उधळू नका, रयतेला काडीचा उपद्रव देऊ नका, आणि रात्री दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल, गवताची आग होईल, तेव्हा जपा. उंदराचा विचार करणारा राजा! हे वाचताना सही आहे की नाही हे आठवतसुद्धा नाही.

दुसरा परिणाम उलट दिशेचा. कागदावर वतन ठरतं म्हटल्यावर खोटे कागदही झाले. आणि ते आजच्या व्यापाऱ्यांनी केलेले नव्हेत, तेही दोन-दोनशे, अडीच-अडीचशे वर्षांचे आहेत. वतनाच्या भांडणात पणजोबाच्या काळचं राजपत्र 'सापडायचं'. म्हणजे कागद जुना, शाई जुनी, मोडी जुनी, आणि पत्र खोटं. कागदाचं वय मोजून इथे भागत नाही.

मग ओळखायचं कसं? काही खुणा सांगतो. पहिली, मायना. राज्याभिषेकाआधीच्या महाराजांच्या पत्रांची सुरुवात 'अज रख्तखाने राजश्री शिवाजी राजे' अशा फारसी वळणाची असते. ६ जून १६७४ नंतर 'क्षत्रियकुलावतंस श्री राजा शिवछत्रपति' येतं, राज्याभिषेक शक येतो. १६६० सालच्या पत्रात 'छत्रपति' दिसलं की थांबायचं. दुसरी, तारीख. जुन्या पत्रांत शुहूर सन असतो, त्याचे आकडे अरबी शब्दांत, खमस, सीत, सबा असे. महिना मुसलमानी, आणि तारखेआधी 'छ', म्हणजे चंद्र. कधी शकाचं वर्ष, संवत्सराचं नाव आणि वारही असतो. हे सगळं एकमेकांशी जुळायला हवं. खोटं करणारा बहुतेक वेळा इथे सापडतो, कारण गणित चुकतं. तिसरी, माणसं. पत्रात ज्याचा हुद्दा लिहिलाय, तो त्या साली त्या हुद्द्यावर होता का? चौथी, मोडीचं वळण. शिवकालातलं वळण आणि उत्तर पेशवाईतलं वळण सरावलेल्या डोळ्याला लगेच वेगळं दिसतं. पाचवी, कागद. जुन्नर, दौलताबाद इथे हातकागद होत असे. कागद उजेडासमोर धरला आणि आत विलायती कारखान्याचं पाणचिन्ह दिसलं, तर ते पत्र शिवकालाचं कसं असेल?

आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे सोबतचे कागद. एका रुमालात बांधलेले, एका घराचे वीस कागद असले की एकविसावा खरा की खोटा ते कळतं. एकटा कागद म्हणजे एकटा साक्षीदार. त्याची उलटतपासणी करायला कुणी नाही.

हे आपल्याकडे ज्या माणसांना उमगलं, त्यांची नावं घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मिरजेत शाळामास्तर असलेले वासुदेवशास्त्री खरे. पटवर्धन सरदारांचं दफ्तर वाचून त्यांनी 'ऐतिहासिक लेखसंग्रह' छापायला घेतला. साताऱ्याचे पारसनीस, ज्यांनी केवढा तरी संग्रह जमवला, तो पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. आणि विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. १८९८ मध्ये त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, पानिपतापर्यंतच्या काळातल्या पत्रांचा. असे बावीस खंड झाले. पायी हिंडायचे, माळे धुंडाळायचे, लोकांच्या शिव्या खायचे. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ त्यांच्याच पुढाकाराने उभं राहिलं. १९२६ च्या शेवटच्या दिवशी ते धुळ्यात वारले, आणि तिथे त्यांच्या कागदांसाठी राजवाडे संशोधन मंडळ निघालं.

हेही संग्राहकच. पण त्यांनी पत्र गोळा केलं ते छापण्यासाठी. शिक्का असलेलं घ्या आणि बाकीचं ठेवा, असं त्यांनी केलं नाही. उधारीची यादी, भटजीचं दक्षिणेचं पत्र, सगळं उचललं. पुणे पुराभिलेखागारातल्या पेशवे दफ्तराचं तेच. गोविंद सखाराम सरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० च्या दशकात त्यातून ४५ खंड काढले, आणि तरी ती निवड आहे. तो संग्रह मोठा ठरतो तो त्याच्या सलगपणामुळे.

मग बिघडलं कुठे? घरांत जपलेले कागद बाजारात का आले? इंग्रजांनी १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसवलं, तेव्हा घराघरांतून सनदा मागवल्या. लोकांनी कागद आणखी कवटाळून धरले. पण स्वातंत्र्यानंतर, १९५० पासून, एकेक करत परगणे वतनं गेली, कुलकर्णी वतनं गेली, पुढे पाटीलकीही गेली. कायदा योग्यच होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्या दिवशी त्या कागदांचं काम संपलं. आणि जवळपास त्याच सुमाराला शाळेतून मोडी गेली. म्हणजे कागदाचा उपयोगही गेला आणि तो वाचणारा नातूही गेला. उरलं काय? माळ्यावरचं एक गाठोडं. कुणी रद्दीत दिलं, कुणी बंबात घातलं. आणि कुणीतरी येऊन म्हणालं, "शिक्कावाला आहे का? त्याचे पैसे देतो." मग गाठोडं सुटलं.

आपल्या देशात १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचं हस्तलिखित ७५ वर्षांचं झालं की ते त्या कायद्याखाली येतं. खाजगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही, आणि अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. घरात वारशाने आलेले कागद ठेवायला मात्र कुणी अडवत नाही. तेव्हा घाबरून कुणी काही लपवू नका, आणि जाळू तर मुळीच नका.

तुमच्या घरी असे कागद असतील तर चार गोष्टी करा. रुमाल सोडलात तर ज्या क्रमाने कागद होते त्याच क्रमाने ठेवा. प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, पाठ कोरी वाटली तरी घ्या. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका, चौकटीत डकवू नका. फाटलं असेल तर फाटलेलं राहू द्या, जाणकाराकडे न्या. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहून ठेवा, की हे गाठोडं कुठून आलं, कुणाच्या माहेरचं, कुठल्या वाड्यातलं. ती एक ओळ त्या शिक्क्याइतकीच मोलाची आहे. आता ठिकठिकाणी मोडीचे वर्ग चालतात, तिथे शिकलेली तरुण मुलं हौसेने वाचून देतात.

आणि विकत घ्यायची हौस असेल तर? हौसेला मी नावं ठेवणार नाही. हौशी लोकांनीच पुष्कळ काही वाचवलंय. पण मग तुकडा घेऊ नका. तुकड्याला गिऱ्हाईक आहे, म्हणून कात्री चालते. अख्खं पत्र घ्या, कुठून आलं ते विचारा, आणि त्याचा फोटो एखाद्या संशोधन संस्थेला देऊन ठेवा. पत्र तुमच्याकडे राहील आणि मजकूर सगळ्यांचा होईल.

त्या गृहस्थांकडे परत येतो. मी त्यांना तेव्हा एवढंच म्हणालो, की ठसा खरा दिसतोय. त्यांचा चेहरा खुलला, आभार मानून ते गेले. वडिलांची पंचाहत्तरी छान झाली असेल. पण मला राहून राहून ती तिसरी ओळ आठवते. 'मौजे', आणि पुढे कात्री. कुठल्या तरी गावाचा अडीच-तीनशे वर्षांपूर्वीचा उल्लेख तिथे होता. कदाचित त्या गावाचा सगळ्यात जुना लेखी उल्लेख तोच असेल. कदाचित त्या गावचं कुणी आज इथे बसलं असेल. राजाचा शिक्का भिंतीवर लागला आणि गावाचं नाव कचऱ्यात गेलं.

सही कुठे आहे, असं विचारलं होतं त्यांनी. आज विचारलं तर मी म्हणेन, सही राहू द्या, आधी गाव शोधू या.

थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. आणि पिशवीत कुणी काही आणलं असेल, तर आधी मागची बाजू दाखवा.